पस्तिशीतली वाटणी

(तालुक्याच्या ग्रंथालयातील वासंतिक व्याख्यानमालेचे स्मृतिव्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : ‘पस्तिशी आणि आयुष्याचा स्वीकार’. पत्रिका छापून झाल्यावर तो मला कळला, त्यामुळे बदलून मागायची सोय राहिली नाही. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, तेही तालुक्याच्या कॉलेजात. स्वीकार, समाधान, मनःशांती या गोष्टी प्रवचनकार माझ्यापेक्षा बऱ्या सांगतात, आणि त्यांना गर्दीही जास्त होते. मला कळतात ते आकडे, आणि कुणाच्या वाट्याला काय आलं याचा हिशेब. तेवढ्याच शिदोरीवर बोलते.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते गुरुजी गणिताचे. ‘आधी दिलेलं काय आहे ते लिहा, मग काय काढायचं ते बघू’ असं ते वर्गात म्हणायचे, हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल. आपणही तसंच करू. पस्तिशीतल्या माणसाला दिलेलं काय होतं ते आधी पाहू.

आपल्या परंपरेने या वयाची दखलच घेतलेली नाही. बारसं आहे, मुंज आहे, लग्न आहे. त्यानंतर थेट पन्नाशीची शांत. मग साठीची, सत्तरीची, आणि तग धरलाच तर सहस्रचंद्रदर्शन. लग्न आणि पन्नाशी यांच्यामध्ये माणसाला ना होम ना आहेर. पस्तीस या आकड्याला आपल्याकडे मान आहे तो एकाच ठिकाणी, दहावीच्या गुणपत्रिकेवर. तिथे पस्तीस म्हणजे पास. काठावर का होईना, पण पास. वयाची पस्तिशी गाठलेल्याला मात्र आपण तेवढंही म्हणत नाही.

युरोपात या वयावर बराच विचार झाला. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ साली एक निबंध लिहिला आणि ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्दप्रयोग तिथून जगभर गेला. त्याने सुमारे ३१० चित्रकार, संगीतकार, कवी, लेखक यांची आयुष्यं तपासली. पस्तीस ते एकोणचाळीस या वर्षांत मृत्यूंचं प्रमाण एकदम उसळलेलं त्याला दिसलं. मोझार्ट पस्तिसाव्या वर्षी गेला, राफाएल सदतिसाव्या. जे या वळणातून पार झाले त्यांच्या कामाची जात बदलली, असं जॅक्सचं म्हणणं. डान्टेचं महाकाव्य घडतं तेही १३०० साली, म्हणजे कवीच्या पस्तिशीत.

आपल्याकडे हे गणित लावून बघा. विष्णुशास्त्री चिपळूणकर एकतिसाव्या वर्षी गेले. गडकरी तेहतिसाव्या. आगरकरांना दम्याने अडतिसाव्या वर्षी नेलं, केशवसुतांना प्लेगने एकोणचाळिसाव्या. या मंडळींना पस्तिशीत थांबून ‘मी काय मिळवलं’ म्हणून बसायला सवडच नव्हती. १९५१ सालीसुद्धा या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आता कुणी म्हणेल, त्या सरासरीत बालमृत्यूच फार. बरोबर आहे, माझे विद्यार्थी असते तर मीच ती शंका काढायला लावली असती. पण पस्तीस म्हणजे अर्ध्यावरचा मुक्काम, पुढे अजून तेवढीच वाट आहे, ही सर्वांना मिळालेली कल्पना अलीकडची आहे, एवढं त्यावरून खरं.

जॅक्सचा पस्तिशीतला माणूस मला परका वाटतो. त्याला बायको आहे, पोरं आहेत, नाव झालंय, आणि एक दिवस तो आरशात बघून म्हणतो, बस, एवढंच? आपल्या तालुक्यातला पस्तिशीतला मुलगा विचारतो, माझं सुरू कधी होणार? ‘मुलगा’ म्हणाले मी. कानशिलं पांढरी झाली तरी आपण त्याला मुलगाच म्हणतो, कारण तो अजून ‘लागलेला’ नाही आणि त्याचं ‘झालेलं’ नाही. ही दोन क्रियापदं कर्त्यावाचून चालतात. लागलं का? झालं का? गावाला एवढंच पुरतं.

तर दिलेलं काय होतं? १९८९ साली जन्मलेलं पोर घ्या. आज मागच्या खुर्च्यांवर त्या वर्षाच्या आगेमागे जन्मलेले बरेच जण आहेत, त्यातले काही माझ्या वर्गात होते. हे पोर २००५ च्या सुमारास दहावी झालं. तेव्हा आपल्याकडे डी.एड.ची लाट होती. बारावी करायची, डी.एड. करायचं, आणि एकविसाव्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून चिकटायचं. थोरला भाऊ किंवा शेजारचा कुणी तसा चिकटलेला डोळ्यांसमोर असायचा. म्हणून बापाने म्हैस विकली, कुणी अर्धा एकर गहाण टाकला. मागणी दिसली तशी कॉलेजंही निघाली, कुठे पत्र्याच्या शेडमध्ये, कुठे मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर. पोराने डी.एड. केलं आणि वाट बघत बसलं.

२०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. हजेरीपटावरची कितीतरी मुलं वर्गात सापडली नाहीत, शिक्षक अतिरिक्त ठरले, भरती थांबली. आपलं पोर तेव्हा बावीस वर्षांचं. २०१३ च्या डिसेंबरात पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली, तेव्हा चोवीस. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी निघाली २०१७ च्या डिसेंबरात, तेव्हा अठ्ठावीस. त्यानंतरची चाचणी २०२३ मध्ये, तेव्हा चौतीस. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलंच तर शिक्षणसेवक म्हणून सुरुवात, मानधन सहा हजार. ते सोळा हजार झालं तेही २०२३ मध्येच. हे वेळापत्रक त्या पोराने आखलेलं नव्हतं. तरी आज पस्तिशीत त्याला झोप लागत नाही तेव्हा तो स्वतःलाच विचारतो, माझं कुठं चुकलं?

डी.एड.चं दार बंद झालं तसे हे सगळे पुण्याच्या वाटेला लागले. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड. पूर्व, मुख्य, मुलाखत. ते लोकसेवा आयोग म्हणत नाहीत, नुसतं ‘आयोग’ म्हणतात. २०१६ मध्ये सरकारने खुल्या गटाची वयोमर्यादा तेहतिसावरून अडतीस केली, मागास प्रवर्गांना त्रेचाळीस. पोरांनी पेढे वाटले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर वयोमर्यादा वाढवायला पैसे लागत नाहीत, जागा वाढवायला लागतात. सरकारने बिनपैशाची गोष्ट तेवढी दिली. आधी तेहतिसाव्या वर्षी जो माणूस घरी परतून काहीतरी वेगळं धरायचा, तो आणखी पाच वर्षं तिथेच राहिला. त्यातही परीक्षा वेळेवर झाल्या असत्या तर गोष्ट निराळी. करोनाच्या काळात राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. शेवटी १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली आणि तीही तीन दिवस आधी रद्द केली. तेव्हा पोरं नवी पेठेत रस्त्यावर बसली. दहा दिवसांत परीक्षा घेतली गेली, म्हणजे घेता येत होती.

मी एकदा पुण्यात गेले असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला भेटले. नाव सांगत नाही, वय छत्तीस. त्याची अभ्यासिका एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात चपलांचा ढीग, आत प्लायवुडच्या फळ्या मारून केलेले कप्पे. त्याच्या खुर्चीवर घरून आणलेली उशी सुतळीने बांधलेली होती. समोरच्या फळीवर दिनक्रमाचा कागद, उजव्या हाताला घटनेच्या पुस्तकाची इतकी जुनी प्रत की पाठचा पुठ्ठा चिकटपट्टीनेच उभा होता. बाजूच्या कप्प्यातली बावीस-तेवीसची पोरं त्याला ‘सर’ म्हणत होती. मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं तो त्यांना फुकट समजावतो. त्याने शिकवलेला एक जण नायब तहसीलदार झाला, पेढे घेऊन येऊन पाया पडून गेला. हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, उलट अभिमानच होता.

मेसमध्ये जेवताना मी विचारलं, ‘गावाकडे का नाही येत?’ पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाला, ‘मॅडम, गावात गेलं की वेशीपासून घरापर्यंत पाच जण विचारतात. इथं कुणी विचारत नाही.’

पुढच्या परीक्षेच्या आशेवर ही पोरं पुण्यात राहतात असं आपण धरून चालतो. काहींना ती आशा असतेही. पण पस्तिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आपली पोस्ट निघणार नाही हे केव्हाच कळलेलं असतं. कटऑफचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात, ते काय फसणार? ते तिथे राहतात कारण त्या कप्प्यात त्यांचं वय कुणी विचारत नाही. आपण, म्हणजे गावाने, त्यांना घरी यायला जागा ठेवलेली नाही. त्या अभ्यासिकेचं महिन्याचं भाडं हे खरं तर आपल्या प्रश्नांपासून लपण्याचं भाडं आहे.

आता लग्न. या विषयावर सभागृहात कुजबुज सुरू होते, ती झालीच. मुलीचे वडील बायोडाटा वाचताना म्हणतात, शेती पाहिजे, पण शेती करणारा नको. आपण हसतो. पण मुलीचा बाप वेडा नाही. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाट क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ वर आलं. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर. तेही पावसावर. त्या सव्वातीन एकरांत दोन भाऊ असतील तर धाकट्याच्या बायकोच्या वाट्याला काय येणार, हे तिच्या बापाला माझ्याइतकंच कळतं.

आणि मुली तरी कुठे आहेत? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली ८०७. पस्तिशीच्या मुलाला ज्या वयाची मुलगी शोधतात ती साधारण १९९५ ते २००० मधली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. कायदे फायलीत होते आणि सोनोग्राफीचं मशीन गावोगाव फिरत होतं. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात फेटे बांधून, घोड्यांवर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा टीव्हीवाल्यांनी तो करमणुकीची बातमी म्हणून दाखवला. त्यांची मागणी मात्र गर्भलिंगनिदान कायद्याच्या अंमलबजावणीची होती. त्या पोरांना आपलं दुखणं नेमकं कळलेलं होतं. ज्या आयांनी, सासवांनी आणि डॉक्टरांनी त्यांच्या बायका जन्मायच्या आधीच नाहीशा केल्या, त्यातल्या काही आज ‘आमच्या पोराचं काही जमेना’ म्हणून ज्योतिषाकडे जातात.

बायकांची पस्तिशी वेगळी. शिकलेल्या मुलीची थोडक्यात सांगते, कारण ती इथे समोर बसलेली आहे आणि तिला माझ्याहून चांगलं सांगता येईल. एम.ए., सेट, तासिका तत्त्वावर नोकरी, सुट्टीत पगार नाही, आणि घरात भावजयीच्या नजरेत दर वर्षी थोडी जास्त जागा व्यापत जाणारी. दुसरी समोर बसलेली नाही. ती आत्ता कुठल्या तरी साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर असेल किंवा नुकतीच परतली असेल. तिचं लग्न अठराच्या आत झालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातल्या जवळपास बावीस टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पस्तिशीत तिची लेक लग्नाची आहे. आणि पुष्कळदा तिचं गर्भाशय काढलेलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांबद्दल २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ब्याऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यात तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. मग एकदाची कटकट मिटवून टाकलेली बरी, असा सल्ला. पस्तिशीत आयुष्याचा स्वीकार कसा करावा हे या बाईला सांगायला जाऊ नका. तिने इतकं स्वीकारलंय की आता आपल्याला तिच्यापुढे बोलायची लाज वाटली पाहिजे.

पत्रिकेवरचा विषय मला खटकला तो यासाठी. स्वीकार करा हा उपदेश आपल्याकडे वरून खाली जातो. ज्याची नोकरी लागली तो न लागलेल्याला सांगतो. आणि सांगताना तुकोबांना साक्षीला काढतो, देवाने ठेवलं तसं राहण्याचा तो अभंग ऐकवतो. तुकोबांचं चरित्र मात्र सोयीने विसरतो. दुष्काळात घरची माणसं गेली, धंदा बुडाला, दिवाळं निघालं. लोकांकडून येणं असलेली कर्जखतं घरात होती. परंपरा असं सांगते की तुकोबांनी ती सगळीच्या सगळी इंद्रायणीत टाकली नाहीत. आधी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, वाटणी केली. त्याचे निम्मे कागद त्याच्या हवाली केले आणि आपल्या वाटणीचे तेवढे पाण्यात सोडले.

क्रम लक्षात घ्या. आधी वाटणी, मग विसर्जन. दुसऱ्याचं ते दुसऱ्याच्या हातात दिलं. देवाचं नाव घेऊन सगळंच एका गाठोड्यात बांधून नदीत लोटलं नाही. पस्तिशीतल्या माणसाने नेमकं हेच करावं असं मला वाटतं. कागद काढावेत, ज्याचे त्याचे ढीग करावेत. पटपडताळणी तुझी नाही, तो कागद सरकारच्या ढिगात. परीक्षा पुढे गेली तो कागद आयोगाच्या ढिगात. मुलींचं घटलेलं प्रमाण गावाच्या ढिगात, क्लासची फी भरायला काढलेलं कर्ज बापाने आणि तू मिळून केलेलं, ते अर्धं अर्धं. असं करत गेलं की लक्षात येतं, स्वतःच्या माथ्यावर घेतलेलं पुष्कळसं ओझं आपलं नव्हतंच.

पण मग आपला ढीग उरतो, आणि तिथे मी कडक आहे. सगळं व्यवस्थेवर ढकलून मोकळं होणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांशी माझं भांडण आहे. बत्तिसाव्या वर्षी मित्राने भुसार दुकानात भागीत घेतो म्हटलं आणि ‘दुकानात बसू का आता’ म्हणून तू नाही म्हणालास, तो कागद तुझा. रानात आईबरोबर बाबा जातात, तू सुट्टीत आलास तरी बांधावर गेला नाहीस, कारण हात काळे झालेले कुणी बघेल, तोही तुझा. निकाल लागला की बघू म्हणून जिला चार वर्षं थांबवलंस आणि नंतर फोन उचलला नाहीस, तो तर फक्त तुझाच. हे कागद इंद्रायणीत टाकायचे असतील तर आधी ते वाचावे लागतात, शक्य असेल तिथे माणसाला भेटून दोन शब्द बोलावे लागतात. त्यानंतर जे उरेल ते सोड.

अशा व्याख्यानांत इथे आल्यावर थोर माणसांची यादी काढायची रीत आहे. अमुक पस्तिसाव्या वर्षी महाडला चवदार तळ्यावर गेले, तमुकांनी पस्तिसाव्या वर्षी आनंदवन उभारायला घेतलं. बाबासाहेब १९२७ च्या मार्चमध्ये खरोखरच पस्तीस वर्षांचे होते, बाबा आमटेही त्याच सुमाराचे होते. पण क्लासच्या भिंतींवर ही वाक्यं फ्लेक्स करून लावलेली पाहिली की मला अवघडतं. पस्तिशीच्या माणसाला बाबासाहेबांशी ताडून बघणं हा त्याच्यावरही अन्याय आणि बाबासाहेबांवरही.

एकच नाव मी घेणार आहे, आणि तेही त्यांच्या यशासाठी नाही. धोंडो केशव कर्वे. मुरुडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेला, शंभर मैलांच्या वर वाट, मध्ये कुंभार्ली घाट. साताऱ्यात अधिकाऱ्याने तोंडाकडे बघितलं आणि वय कमी दिसतंय म्हणून बसू दिलं नाही. आज आपल्या पोरांना वय जास्त झालं म्हणून बसू देत नाहीत, कर्व्यांना कमी म्हणून दिलं नाही. कागदावरचा एक रकाना माणसाला परत पाठवतो, हे काही आजचं नाही. मॅट्रिक होईतो ते तेवीस वर्षांचे झाले. पहिली पत्नी १८९१ मध्ये गेली. १८९३ च्या मार्चमध्ये, पस्तिशीला महिनाभर असताना, त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. गावाने घरापासून तोडलेला असा हा पस्तिशीचा माणूस, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा.

मला त्यांच्या गोष्टीत रस आहे तो या जागेपुरता. ‘आत्मवृत्त’ त्यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलं, सत्तावन्नाव्या वर्षी. महिला विद्यापीठ व्हायला अजून एक वर्ष होतं. म्हणजे आयुष्याचा हिशेब लिहून छापूनही झाला आणि त्यात सर्वांत मोठी रक्कम धरलेलीच नव्हती. पुढे ते एकशे चार वर्षं जगले. ते सगळ्यांना जमत नाही आणि जमावं असंही नाही. पण पस्तिशीत वहीची बेरीज मारून खाली रेघ ओढणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की ती घाई आहे.

माझा आणखी एक विद्यार्थी आहे, तो परत आला. मुख्य परीक्षा दोनदा दिली, मुलाखतीपर्यंत पोहोचला, पोस्ट काही निघाली नाही. चौतिसाव्या वर्षी तहसील कचेरीच्या बाहेर लिंबाखाली टेबल टाकलं, लॅपटॉप, प्रिंटर, बॅटरी. वारस नोंद, फेरफार, सातबाऱ्यातली दुरुस्ती. लोकांना वर्षानुवर्षं जमीन महसूल अधिनियमातलं कलम १५५ कुणी सांगितलेलं नसतं. लेखनातली चूक त्या कलमाखाली दुरुस्त करता येते, हे त्याला झोपेतही माहीत, कारण तो प्रश्न पूर्वपरीक्षेला पाठ केलेला. म्हातारी बाई येते, नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर ‘रामा’चं ‘श्यामा’ झालेलं, सहा वर्षं हेलपाटे. हा अर्ज लिहितो, कलम घालतो, पोच घ्यायला लावतो. मी विचारलं, ‘कसं वाटतं?’ म्हणाला, ‘पहिले सहा महिने मान वर केली नाही, मॅडम. ज्या कचेरीत आत बसायचं होतं तिच्या बाहेर बसलो होतो. आता आतलेच साहेब नियम विचारायला बाहेर येतात.’ हे सांगून तो हसला आणि पुढच्या माणसाचं आधार कार्ड मागायला लागला.

त्याला मी यशोगाथा म्हणणार नाही. महिन्याची मिळकत फार नाही, पावसाळ्यात टेबल आवरावं लागतं, लग्न अजून झालेलं नाही. पण त्याने वाटणी केलेली आहे. आयोगाचं आयोगाला, गावाचं गावाला, आणि दहा वर्षांत मिळवलेलं कायद्याचं ज्ञान मात्र त्याने स्वतःकडे ठेवलं. ते कुणाला द्यायचं नसतं, टाकायचं तर मुळीच नसतं. आपल्या तालुक्यात असं शिकून परत आलेलं किंवा परत यायला घाबरत असलेलं ज्ञान किती पडून आहे, याची कुणी मोजदाद केलेली नाही.

तेव्हा समारोप करत नाही, दोन विनंत्या करते.

पहिली पुढच्या रांगांना, म्हणजे आईवडिलांना, काका-मामांना. दिवाळीत पोरगा घरी आला की निकाल, पोरगी आणि पगार, यातलं काहीही आठ दिवस विचारू नका. त्याला सोसायटीच्या पीक कर्जाचा फॉर्म भरायला द्या, बांधावरच्या भांडणाचा कागद वाचायला द्या, धाकट्या भावंडाचं गणित घ्यायला सांगा. घराला आपली गरज आहे हे त्याला कळू द्या.

दुसरी ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला. आपली अभ्यासिका पहाटे पाचला उघडते आणि रात्री अकराला बंद होते, त्याबद्दल अभिनंदन. पण तिच्यातून बाहेर पडणाऱ्यासाठी आपल्याकडे एक टेबलसुद्धा नाही. दर रविवारी सकाळी या सभागृहात एक टेबल मांडावं, त्यावर तेहतिशी ओलांडलेले आपले परीक्षार्थी बसतील, गावकऱ्यांचे अर्ज लिहून देतील, आणि अर्जामागे ठरावीक मेहनताना घेतील. फुकट नाही, हे मुद्दाम सांगते. टेबल, दोन खुर्च्या आणि प्रिंटरची शाई एवढाच खर्च आहे, आणि गुरुजींच्या स्मृतिनिधीच्या व्याजात तो बसतो हे मी कोषाध्यक्षांकडून तपासून घेतलेलं आहे. येत्या वार्षिक सभेत तसा ठराव आणावा. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक आपल्यापैकी कुणीही चालेल.